वटवाघूळ मास्तरांची गुहा

फार वर्षांपूर्वी एका डोंगरात वटवाघूळ मास्तर राहत. रानातले गवई आधी त्यांच्या गुहेत गात. मास्तर कुणाचा आवाज चढवत, कुणाचा उतरवत, आणि मगच गाणं रानापुढे जाई.

एकदा साळिंदराने टेकडी पोखरून गाण्यासाठी मोठं दालन केलं. पहिल्याच दिवशी तिथे बेडकाचा आवाज इतका घुमला, की कोकीळ कुणाला ऐकूच आला नाही. ससे कान दाबून निघून गेले.

"भिंती चुकल्यात," मास्तर रागावले. "यापुढे बांधकाम मला विचारून करा. माझ्या गुहेत हेच गाणं नीट वाजतं."

साळिंदर भांडलं नाही. त्याने बेडूक आणि कोकीळ दोघांना नदीकाठी गायला लावलं, मग उघड्या माळावर. तिथेही बेडूकच ऐकू आला.

बेडूक रडवेला झाला. "मास्तर, तुम्हीच म्हणायचात, अजून जोरात! माझा घसा बसला हो."

साळिंदर गुहेत शिरलं. मागे एक खोल भुयार होतं आणि बेडकाचा खर्ज त्यात विरून जात होता, म्हणून मास्तरांना तो कमीच ऐकू येई.

मास्तरांची मान खाली गेली. "साळिंदरदादा, तुमच्या भिंतींत काही चुकलं तर मी जरूर सांगेन. पण आधी माझी गुहा तुम्ही नीट करून द्या."

"देतो," साळिंदर म्हणालं. "तोवर बेडकाला गायला लावू नका."