पानावर ठेवलेला गूळ

उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात शिवाप्पा नावाचा एक गुळव्या राहत असे. काहिलीत उकळणारा रस नेमका केव्हा उतरवायचा, हे तो ठरवी. त्याच्या हातचा गूळ नावाजलेला होता. त्याची मुलगी हौसा तिच्या फटकळ जिभेसाठी प्रसिद्ध होती.

त्या गावची एक रीत होती. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासमोर आधी ताजा गूळ ठेवायचा. त्याने खडा तोंडात टाकला की मगच बोलणी सुरू. गूळ न खाणं म्हणजे त्या घराचा अपमान.

एकदा शेजारच्या गावचा बाळोजी हौसाला पाहायला आला. सोबत त्याचे मामा होते. बाळोजी कमी बोलणारा होता. हौसाला तो पाहताक्षणी आवडला, म्हणूनच पुढचं तिला अधिक झोंबलं. मामांनी गूळ खाल्ला. बाळोजीने मात्र खडा कपाळाला लावला आणि पानावर परत ठेवला.

शिवाप्पाचा चेहरा उतरला. मामा काही सांगणार, तोच बाळोजीने त्यांचा हात दाबला. हौसाने ते पाहिलं. वडीलधाऱ्यालाही हा बोलू देत नाही, असं तिला वाटलं.

"बाबा, पान उचला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "राजवाड्यातले पाहुणे दिसतात. चुकून आपल्या दारी आले. आपला गूळ त्यांच्या घशाला खरखरायचा!"

जमलेल्या बायका फिसकन हसल्या. बाळोजीने हात जोडले आणि तो निघून गेला.

"गर्विष्ठ मेला!" शेजारीण म्हणाली. "बरी जिरवलीस पोरी. याला म्हणतात स्वाभिमान."

तो शब्द हौसाला फार आवडला. बरेच दिवस ती तो मनात मिरवत राहिली.

मग एका बाजारात बाळोजीचे मामा भेटले. हौसाने तोंड फिरवलं, पण तेच थांबले.

"पोरी, तुझा राग खोटा नव्हता. पण त्याची आई शेवटच्या दुखण्यात गुळाचा खडा मागत होती. वैद्याने मना केलं होतं, म्हणून त्याने दिला नाही. तशीच गेली ती. तेव्हापासून वर्षभर त्याने गोड सोडलंय."

"मग सांगितलं का नाही?"

"मी सांगणार होतो. लग्नाच्या बोलण्यात मरणाचं काढू नये, म्हणून त्यानेच थांबवलं."

हौसाला तिथे उभं राहवेना. बायकांचं ते हसू आता तिच्याच कानात वाजू लागलं. जाऊन माफी मागावी, असं तिने त्याच दिवशी ठरवलं. पण मुलीच्या जातीने आपणहून त्याच्या दारी कसं जायचं? लोक काय म्हणतील? आजचं उद्यावर गेलं. या टाळाटाळीलाही ती स्वाभिमानच म्हणत राहिली.

शेवटी ती गेली, तेव्हा बाळोजीच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. तिने ते पाहिले. परत फिरावंसं वाटलं, तरी ती फिरली नाही. दारात चार माणसं होती. त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत बोलले. चुकले. तुम्हाला गर्व आहे असं समजले. तो माझाच होता."

बाळोजी त्यांच्यातून पुढे आला.

"माझाही होता," तो म्हणाला. "नंतर तरी निरोप धाडता आला असता. पण वाटलं, जिला मी असा वाटतो तिला कशाला समजवायचं? आता दुसरीकडे सुपारी फुटली."

"सुखी राहा," हौसा म्हणाली आणि वळली.

घरी शिवाप्पाने विचारलं, "काय झालं, पोरी?"

"मान खाली घालून आले, बाबा."

"मग रडतेस कशाला?"

"उशिरा घातली म्हणून."

तात्पर्य: आपल्या ताठ्याला आपण स्वाभिमान म्हणतो आणि दुसऱ्याच्या दुःखाला गर्व; चूक कळताच जो वेळेवर वाकतो, त्याचाच स्वाभिमान खरा.