धुरपाबाईची एकविसावी ओवी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली, तेव्हाही ती फार वर्षांपूर्वीचीच होती. नीट मांडी घालून बसा, आणि मधे मधे "खरं का?" म्हणून टोकू नका. आमच्याकडच्या दोन गावांचं आजवर दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर एकमत झालेलं नाही, या एका गोष्टीवर आहे. एवढं पुरे.

डोंगराच्या पायथ्याला उंबरकोंड आणि त्याला लागून पिंपरमाळ. दोन्हीकडे खडकाळ जमीन, दोन्हीकडे पाण्याची बोंब. मुली एकमेकांनाच द्यायच्या आणि शिव्याही एकमेकांनाच द्यायच्या, असा जुना रिवाज. मधून शीव जायची. तिला कागद नव्हता, नकाशा नव्हता. शीव माणसाच्या डोक्यात असायची. ती राखायचं काम उंबरकोंडात गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे होतं, आणि त्या वस्तीतला सटवा हा शिवेचा राखणदार होता. तंटा झाला की त्यानं शिवेवरच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि शीव चालून दाखवायची. तो चालेल ती शीव. खोटं चाललं, तर डोक्यावरची माती पावलापावलाला जड होते आणि तीन दिवसांच्या आत माणसाला मातीत नेते, असं म्हणतात.

धुरपा ही सटवाची बायको. दोघांना मूल नव्हतं. एका भादव्यात सटवा तापानं पडला, आणि पडला तो उठलाच नाही. त्याला मरणाची भीती नव्हती. त्याला घोर होता शिवेचा. बापानं ती लेकाला शिकवायची, आणि इथं लेकच नव्हता. शेवटी त्यानं धुरपाला उशाशी बसवलं आणि एकवीस खुणा सांगितल्या. खडक, मग ओघळ, मग दोन धोंडी, मग चिंच, मग पुन्हा खडक. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला म्हणायला लावलं. तिसऱ्या खुणेवरच तिची गाडी अडली.

"गेली," सटवा म्हणाला. "माज्यासंगं शीव बी गेली." आणि तो भिंतीकडे तोंड करून रडला.

धुरपा मोठी हट्टी बाई. ती उठली आणि एकटी शिवेवर गेली. दिवसभर उन्हात खुणा बघत हिंडली, संध्याकाळी परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "त्यो पयला खडक म्हंजी बसल्याला बैल हाय, व्हय ना?"

सटवानं डोळे उघडले. "कंचा बैल?"

"काळा. पाठीवर शेवाळाची झूल हाय बगा त्येच्या."

सटवा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणाला, "चाळीस वर्सं त्येच्यावरनं चाललो, आन् मला बैल दिसला न्हाई."

धुरपाला तेवढ्यात वाट सापडली होती. नुसता खडक माणूस विसरतो. बसलेला बैल विसरत नाही. मग ती रोज पहाटे जात्यावर बसायची, दळता दळता एकेका खुणेची ओवी बांधायची, आणि सटवा अंथरुणातून कान देऊन ऐकायचा.

शिवेच्या सुरुवातीला, बसला काळा बैल
पाठीवरती शेवाळाची, झूल त्याची सैल

पुढच्या दोन धोंडी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. धुरपानं त्यांच्या जावा करून टाकल्या.

दोन धोंडी जावा-जावा, पाठीला लावून पाठ
दोघींच्या गं मधून जाते, शिवेची पायवाट

आणि उतरणीवरची चिंच. लग्न होऊन पिंपरमाळातून ती उंबरकोंडात आली, तेव्हा डोक्यावरचं गाठोडं तिनं याच चिंचेखाली टेकलं होतं. ती खूण तर तिला कुणी सांगायचीही गरज नव्हती.

उतरणीची चिंच, तिथं टेकलं गाठोडं
माहेर दिसतं मागं, पुढं सासर थोडं थोडं

नवव्या दिवशी एकवीस ओव्या पुऱ्या झाल्या. सटवानं सगळ्या ऐकल्या, एकही खूण चुकली नाही म्हणाला, आणि दहाव्या दिवशी निवांत मनानं गेला.

आता ओवीचं एक असतं. तिला कुसाच्या आत आणि कुसाच्या बाहेर समजत नाही. पाटलाच्या रानात खुरपायला धुरपा एका कडेला असायची आणि गावातल्या बाया दुसऱ्या कडेला. पण ती गायला लागली की ओवी मधल्या वाफ्यांवरून पलीकडे जायची. ज्या बाया तिच्या हातचं पाणी घेत नसत, त्यांनी तिच्या तोंडची ओवी बिनदिक्कत घेतली. त्यांच्या लेकी पिंपरमाळात नांदायला गेल्या, त्यांनी ती तिकडच्या जात्यावर नेली. अशी पस्तीस-चाळीस वर्षं गेली. धुरपा म्हातारी झाली, वाकली, पण आवाज तसाच खणखणीत राहिला.

मग एका वर्षी डोंगरावर ढगफुटी झाली. असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. काळा बैल वाहून गेला, चिंच मुळासकट गेली, शिवेवरचा पळस गेला. शीव पुसून निघाली. आणि देवाची करणी बघा, त्यानंतर दोन वर्षं थेंब पडला नाही. दोन्ही गावांच्या विहिरींना तळ लागले. उरला फक्त डोंगराच्या कपारीतला एक झरा. तो कधीच आटला नव्हता, आणि तो उंबरकोंडच्या हद्दीत होता.

होता म्हणजे, उंबरकोंडचे लोक तसं म्हणत. पिंपरमाळच्या हैबती पाटलानं झऱ्याच्या अलीकडे, उंबरकोंडच्या बाजूला, एक धोंडा उभा केला, त्याला शेंदूर फासला आणि जाहीर केलं की शीव इथून जाते, झरा आमचा. धोंडा नवा होता, शेंदूरही ओला होता, पण पाटील म्हणत होता की पणजोबाच्या वेळचा आहे. काठ्या निघाल्या. दोघांची डोकी फुटली. झरा गेला असता तर उंबरकोंडला घरदार सोडून परागंदा व्हावं लागलं असतं. शेवटी आजूबाजूच्या बारा गावांचे पंच बसले आणि म्हणाले, शीव चालणारा आणा.

पिंपरमाळचा राखणदार केव्हाच मेला होता. उंबरकोंडात धुरपाबाई होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या झऱ्याला वर एक कुंड होतं आणि खाली एक डबकं. कुंडावर गाव पाणी भरायचं. धुरपाच्या वस्तीनं तिथं पाय ठेवायचा नाही. वस्तीच्या बायांनी खाली मडकं घेऊन उभं राहायचं आणि वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. दुष्काळात कोण ओततंय? धुरपा सकाळी उभी राहायची ती सूर्य डोक्यावर येईपर्यंत, आणि पुष्कळदा ढोरांच्या डबक्यातलं गढूळ पाणी गाळून घरी न्यायची. जिच्या डोक्यात अख्खी शीव होती, तिची ही कथा.

आणि एकविसावी ओवी नेमकी त्या झऱ्याची होती. उंबरकोंडच्या रायाजी पाटलाला ती पाठ होती. शीव चालायच्या आदल्या दिवशी तो धुरपाच्या खोपटापाशी आला आणि अंतरावर उभा राहिला.

"धुरपे, उद्या वीस ओव्या म्हन. इसाव्या ओवीत झरा आपला व्हतो. एकविसावीचं काय काम न्हाई."

"का वं पाटील?"

"का ते तुला बी ठावं हाय."

धुरपा सुपात दाणे पाखडत होती. तिनं हात थांबवला नाही. "ओवी म्हंजी काय भाकरी हाय व्हय, निम्मी तोडून द्याया? धन्यानं मरताना एकवीस ऐकल्या. म्या एकवीस म्हननार."

"मग दुसरा चालनारा बघतो मी."

"बगा की," धुरपा म्हणाली.

दुसरा कुठला असणार? रायाजी पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं शिवेवर लोटली. धुरपानं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेतलं. पिंपरमाळची माणसं हसली. बाई शीव चालणार, आणि तीही पुसून गेलेली! धुरपानं पहिली ओवी म्हटली आणि चालायला लागली. जिथं बैल बसला होता तिथं आता नुसती रेती होती. ती म्हणाली, "उकरा." हातभर उकरलं तर खाली बैल बसल्यासारखा खळगा, त्यात हिरवं शेवाळ, दोन वर्षांच्या दुष्काळातही ओलं. असं म्हणतात.

दोन जावांपैकी एकच धोंड उभी होती. "धाकली रुसून म्हायेरी गेली असंल," धुरपा म्हणाली, "खाली वढ्यात बगा." ओढ्यात दुसरी धोंड पालथी पडलेली सापडली. चिंचेच्या जागी तिनं पाऊल ठेवलं आणि तिच्या टाचेखालून कोंब वर आला, असंही म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण चिंच आहे. तुम्हीच जाऊन बघा.

हैबती पाटलाचा चेहरा उतरत चालला. चोराच्या मनात चांदणं. विसावी खूण आली तसा तो पंचांपुढे आडवा आला. "ह्या वव्या तिनं काल रचल्या असतील! गानं म्हंजी काय पुरावा हाय?"

धुरपा थांबली. तिचा घसा सुकला होता, सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. तिनं कशीबशी ओवी उचलली,

पळसाच्या बुडाशी, शीव घेते गं वळण

आणि आवाज फुटेना. मग गर्दीतून एका म्हातारीचा बारीक आवाज आला.

डाव्या हाताला राहते, झऱ्याची उतरण

आवाज पिंपरमाळच्या बाजूनं आला होता. एकीमागून एक तिकडच्या बाया म्हणायला लागल्या. पंचांनी हात वर केला आणि त्या म्हातारीला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

ती तान्हूबाई, हैबती पाटलाची आई. जन्म उंबरकोंडचा. ती म्हणाली, "पंचांनो, ही ववी कालची न्हाई. ह्यो हैबती तान्हा असताना मांडीवर घेऊन म्या दळायची. ह्या ववीबिगर त्यो झोपत नव्हता. इचारा त्येला."

पंचांनी हैबतीकडे पाहिलं. ओठ हलत होते त्याचे. म्हातारीबरोबर तोही तीच ओळ पुटपुटत होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं. मग त्यानं स्वतःच जाऊन तो शेंदरी धोंडा खांदा लावून पाडला.

शीव चालताना डावी बाजू उंबरकोंडची, म्हणून झरा उंबरकोंडचा ठरला. उंबरकोंडच्या माणसांनी आरोळी ठोकली. रायाजी पाटील पुढं झाला. "झालं. धुरपे, उतरव माती."

धुरपानं माती उतरवली नाही.

"शीव संपली न्हाई अजून," ती म्हणाली, आणि कपारीकडे चढायला लागली. डबक्यापाशी ती थांबली नाही. तिचे पाय कुंडाकडे वळले तसा रायाजी ओरडला, "धुरपे, थांब! तिथं न्हाई!"

धुरपा वळली. डोक्यावर ढेकूळ तसंच. "पाटील, वीस खऱ्या आन् एकविसावी खोटी, आसं हाय का? खोटी आसंल तर सांगा पंचांस्नी. मग इसावी बी खोटी, आन् झरा बी गेला."

रायाजीनं पंचांकडे पाहिलं. सगळ्यांत वयस्कर पंच म्हणाला, "बाई बरोबर बोलतीय. साक्ष घ्यायची तर आख्खी घ्यायची."

आणि धुरपानं शेवटची ओवी म्हटली. सुकल्या घशानं, पण अशी की दोन्ही गावांना ऐकू गेली.

कपारीतला झरा, जशी पान्हावली माय
कोण वाकलं पाण्याला, ती विचारते काय?

ती ओवी सगळ्यांच्या घरात होती, सगळ्यांच्या आयांनी म्हटलेली होती. इतकी वर्षं म्हणत होते, पण ती काय सांगते ते त्या दिवशी ऐकलं. धुरपा कुंडावर वाकली. वाकताना डोक्यावरचं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं. पाणी गढूळ झालं नाही, उलट कुंड काठोकाठ चढलं आणि सांडायला लागलं, असं म्हणतात. ती पोटभर प्यायली. मग तिनं खाली मडकी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या वस्तीतल्या बायांना हाक मारली. त्या भीत भीत वर आल्या. त्यांच्यामागून तान्हूबाई आली, पिंपरमाळची माणसं आली. रायाजी पाटील सगळ्यांत शेवटी वाकला. पण वाकला.

धुरपाबाई पुढं किती वर्षं जगली ते माहीत नाही. तिची समाधी नाही, देऊळ नाही. पण चैत्रात दोन्ही गावं मिळून शीव चालतात, बाया पुढं आणि पुरुष मागं, आणि एकवीसच्या एकवीस ओव्या म्हणतात. उंबरकोंडात नवी सून आली की तिला आधी देवळात नेत नाहीत. तिच्या डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ ठेवून तिला झऱ्यावर नेतात आणि वाकून पाणी प्यायला लावतात. ती कुणाची, कुठली, हे तिथं बोलायचं नाही.

आणि आणखी एक पथ्य आहे. झऱ्यावर पाणी पिणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही. मला हे ठाऊक होतं, तरी एकदा जीभ घसरली. कुणी अनोळखी माणूस ओंजळीनं पाणी पीत होता. मी सहज म्हटलं, "पाव्हनं, कोन म्हनायचं तुमी?" त्याची ओंजळ तशीच थांबली. पलीकडे एक म्हातारी घागर घासत होती. तिनं वर पाहिलंही नाही. घासता घासता नुसती अर्धी ओवी म्हणाली,

ती विचारते काय?

तो माणूस पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि आपल्या वाटेनं गेला. कोण होता, ते मला अजूनही माहीत नाही.