लोट्याला फुटलेला घाम

नारोबा तांबटाचा नवा लोटा गळतो, असं कारभाऱ्यांनी भर दरबारात जाहीर केलं आणि राजा वीरधवलाने ते लगेच खरं मानलं. थेंब तर सगळ्यांनाच दिसत होते. शिवाय सोरा विरघळवून थंड केलेल्या पाण्याच्या घंगाळात सुरई फिरवून गार केलेलं पाणी या लोट्यात ओतलं, की बघता बघता कोमट व्हायचं.

हुकूम सुटला. गार पाण्याने भरूनही बाहेरून कोरडा राहील असा लोटा नारोबाने उद्या आणायचा, नाहीतर बिऱ्हाड उचलून गाव सोडायचं.

नारोबा डोक्याला हात लावून बसला. त्याची सून वेणू वाड्यातून सुरईभर गार पाणी मागून घेऊन आली आणि भट्टीशेजारी तोच लोटा भरून ठेवला. लोटा ठणठणीत कोरडा! वेणूला दरबारातले वाळ्याचे पडदे आठवले, आणि त्यांच्यावर दिवसभर पाणी मारणारे नोकरही. ती गालातल्या गालात हसली आणि निवांत झोपली.

दुसऱ्या दिवशी ती तोच लोटा घेऊन हजर झाली. त्यात गार पाणी ओतलं आणि वर मूठभर कुंकू टाकलं. थोड्या वेळाने बाहेर थेंब आले, ते मात्र स्वच्छ.

"गळका असता तर लाल गळला असता, महाराज."

"मग हे पाणी कुणाचं?"

"आपलंच. पडद्यांवरचं. वाळताना ते दालनातली ऊब घेऊन हवेत जातं, म्हणून आपल्याला गार वाटतं. गार लोटा भेटला, की त्याच्या अंगावर पुन्हा पाणी होऊन बसतं आणि नेलेली ऊब त्यालाच देऊन टाकतं. आतलं पाणी कोमट होतं ते त्यामुळे."

राजाला हे पटलं असावं. पण पटलं म्हणून ऐकलं, तर तो राजा कसला? कारणं नकोत, कोरडा लोटा हवा, असं त्याने बजावलं.

मग पडद्यांवर पाणी मारणं थांबवा, एवढंच वेणूने मागितलं. राजाने मोठ्या ऐटीत ते मान्य केलं.

पडदे वाळले. उन्हाची झळ आत शिरली. राजाचा अंगरखा पाठीला चिकटला, मंदिलाखालून धारा लागल्या. कारभारी उपरण्याने मान पुसून पुसून बेजार झाले. वेणूने लोटा पुसून ताज्या गार पाण्याने भरला आणि राजासमोर ठेवला. अंगावर थेंब नाही!

"लोटा कोरडा आहे, महाराज," ती अदबीने म्हणाली. "पण या दालनात घाम एकालाच चुकवता येतो, लोट्याला नाहीतर आपल्याला. कुणाला फुटावा, तेवढा हुकूम व्हावा."

राजाने आपली भिजलेली बाही पाहिली, लोट्याकडे पाहिलं आणि तो खदखदून हसला.

"लोट्याला फुटू दे! मारा पाणी!"

नारोबा त्याच दिवशी दरबारचा तांबट झाला. वेणूच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या. आणि लोटा गळतो म्हणणाऱ्या कारभाऱ्यांच्या हातात राजाने एक फडकं दिलं, लोटा पुसत बसायला.