चौथा मिसिंग मारतोय

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा हा सासरच्यांचा शब्द. गाव त्याच्यासाठी दुसरा शब्द वापरायचं. नाव विश्वंभर. विश्वाचं राहू द्या, त्याच्या डोक्यातसुद्धा कसली भर पडली नव्हती.

सासरे दगडूअण्णा म्हणजे हायवेवरचे नावाजलेले मिस्त्री. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या या शहाण्याने जावई मात्र फोटो बघून पसंत केला होता. आता भोगा! बरं, जावई मानाचा. त्याला अरे-तुरे करायची सोय नाही. कितीही डोकं फिरलं तरी अण्णा दातओठ खात म्हणायचे, "अवो जावईबापू."

एके दिवशी अण्णांच्या धाकट्या लेकीला, रोहिणीला, बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. रोहिणीने मुलाचा फोटो आधीच उशीखाली ठेवला होता, म्हणजे तिच्याकडून होकारच होता. पण पाहुण्यांची गाडी गचके खात दारात आली. मुलाचे वडील म्हणाले, "अण्णा, गाडी मिसिंग मारतेय. बघून देता का?"

अण्णा खूश झाले. गाडी ठीक करून दिली की सोयरीक जमलीच! पण पाहुणे सोडून उठणार कसे? त्यांनी जावयाला हाक मारली.

"अवो जावईबापू, पावन्यांची गाडी मिसिंग हाय. तेवढं बघा."

विश्वंभर घरापुढच्या गॅरेजात आला. गाडी समोरच उभी होती. पण मामा, म्हणजे सासरे, मिसिंग म्हणतात म्हणजे मिसिंग. तो तडक समोरच्या पोलीस चौकीत गेला.

"गाडी मिसिंग आहे. लिहून घ्या."

"शेवटची कुठं दिसली?" हवालदाराने विचारलं.

"ती काय, तिथं उभी आहे."

हवालदाराने गाडीकडे पाहिलं, मग विश्वंभरकडे पाहिलं आणि त्याला दंडाला धरून अण्णांच्या दारात आणून सोडलं.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अवो जावईबापू, मिसिंग म्हंजी हरवली न्हवं. इंजिनाच्या चार सिलिंडरातला एक काम करत न्हाई. कॉइल बघा, ठिणगी पडती का!"

विश्वंभर वाण्याकडे गेला, डासांची कॉइल घेतली आणि गाडीच्या टपावर ठेवून पेटवली. मग बैठकीत डोकावून म्हणाला, "मामा, ठिणगी पडते. धूरही छान येतो."

टपाचा रंग जळल्याचा वास बैठकीपर्यंत आला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णा खोटं हसले आणि जावयाला बाहेर घेऊन आले.

"अवो जावईबापू, कॉइल इंजिनावर बसल्याली असती, दर सिलिंडरला एक. ह्यो स्कोप घ्या. चिमटा कॉइलला लावायचा, पडद्यावर रेघ बघायची. चारी रेघा सारख्या उड्या मारत्यात का, सांगा."

अण्णांनी तो स्कोप नुकताच आणला होता. त्याला ते पत्नीलाही हात लावू देत नव्हते. तो त्यांनी विश्वंभरच्या हातात दिला, यावरून गरज किती मोठी होती ते समजा.

थोड्या वेळाने विश्वंभर हजर. "मामा, चारही सारख्या. गाडी ठणठणीत आहे."

"चारी कॉइलला चिमटा लावला न्हवं?"

"चार कशाला? पहिल्या कॉइललाच चारदा लावला. वाकावं लागत नाही."

अण्णांचा आवाज चिरकला, पण मान सुटला नाही. "अवो जावईबापू, चारातला येगळा कोण ते हुडकायचं! शंका आली की त्याची शेजारच्यासंगं अदलाबदल करायची. दोष त्याच्यासंगं गेला की त्यो बाद. काढायचा आन् भाईर फेकायचा. मला इचारत बसू नका!"

एवढं बोलून अण्णा आत गेले. विश्वंभरही स्कोप घेऊन मागोमाग आत आला.

रोहिणी चहा देऊन बसली होती. मुलगा तिच्याकडे बघून असा विरघळला होता की त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वडील म्हणत होते, "अण्णा, आम्हाला पसंत आहे. सुपारी फोडून टाकू."

विश्वंभरने पाहिलं. पाहुणे चार. तिघे बोलतात, एक गप्प. त्याने मुलाच्या कानाला चिमटा लावला. पडद्यावर रेघ सपाट.

"मामा, सापडला! चौथा मिसिंग मारतोय!"

कुणाला काही कळायच्या आत त्याने वडिलांना उठवून मुलाच्या खुर्चीत बसवलं आणि मुलाला वडिलांच्या. वडील तिथेही तावातावाने बोलत होते. मुलगा तिथेही गप्प.

"दोष याच्याबरोबर गेला," विश्वंभर समाधानाने म्हणाला. "हा मेलाय, मामा. याला बाहेर फेकतो."

"अभद्र मेलं!" म्हणून मुलाची आई किंचाळली. रोहिणी रडत आत पळाली. अण्णा हात जोडत म्हणाले, "पावनं, जरा थांबा. ह्या माणसाला आत्ताच घालवतो, मग बोलू." वडील नाइलाजाने विश्वंभरच्या मागच्या खुर्चीत टेकले. अजून धागा तुटला नव्हता.

अण्णांनी वळून जावयावर बोट रोखलं. इतक्या वर्षांचा मान एका दमात सुटला.

"आरं गाढवा! हो चालता हितनं!"

विश्वंभरने मागे पाहिलं. आपल्याला तर मामा जावईबापू म्हणतात, तेही अहो-जाहो करून. म्हणजे हे दुसऱ्या कुणाला तरी. त्याने अण्णांच्या बोटाच्या रोखाने पाहिलं, पुढे झाला आणि मुलाच्या वडिलांना अदबीने दंडाला धरून उठवलं.

"चला काका. मामा तुम्हालाच म्हणतायत."