सुंदराने दर्याला खडसावले

सोमाजीमहाराज त्या वर्षी तारवेळच्या बंदरावर मुक्कामाला होते. खाडीच्या मुखाशी उंडीचे एक म्हातारे झाड होते, त्याच्या सावलीत त्यांची झावळ्यांची खोपी. दर्शनाला कोणी आले की महाराज आधी त्याला पेज पाजीत आणि मग नाव विचारीत.

तिथे रोज येणाऱ्यांत एक सुंदरा. मासळी वाळवून विकणारी साधी बाई. वाळवणावर सर आली तर सगळी मेहनत फुकट, म्हणून वाऱ्याकडे तिचे सदा लक्ष. महाराजांनी बारा वर्षांपूर्वीच्या मुक्कामात दिलेले नाम घेत ती वाळूवर बसे आणि दर्याकडे पाहत राही. त्याचा स्वभाव तिला घरच्या माणसाइतका ठाऊक झाला होता.

श्रावण लागला. पावसाने उघडीप दिली आणि दर्या अगदी गप्प झाला. नारळी पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही तिथली रीत. पण भिवाजी तांडेलाला धीर कुठला! होडी त्याची, सुकाणू त्याच्या हाती, आणि तोरा तर काही विचारू नका. पहिली मासळी आपल्याच जाळ्यात यावी म्हणून द्वादशीच्या सकाळीच हा गृहस्थ नारळ घेऊन बंदरावर हजर! त्याने पाच खलाशांना हाका मारल्या. त्यांत सुंदराचा नवरा बुधाजीही होता.

सुंदरा धावत आली.

"तांडेल, आज होडी नका लोटू. दोन दिवस झाले, दुपारचा खारा वारा आलेला नाही. वारा नाही तरी लाट बघा, कशी लांबून, जड होऊन येतेय. बाहेर कुठे तरी मोठं वादळ उठलंय."

भिवाजी खदाखदा हसला. "ऐकलंत का रे! मासे सुकवणारी आता तांडेलाला दर्या शिकवणार. त्या उंडीखालच्या बुवाने सांगितलं काय गो तुला?"

महाराज जवळच उभे होते. ते म्हणाले, "भिवाजी, ती खरं बोलते आहे. ऐक तिचं."

"बुवा, तुम्ही आपले टाळ वाजवा!"

बुधाजी घुटमळला. तेवढ्यात भिवाजी ओरडला, "बायकोच्या पदराखाली बसायचं असेल तर बस खुशाल. तुझं वल्हं दुसरा धरील." चारचौघांत असे ऐकल्यावर बुधाजीने मान खाली घातली आणि होडीत पाय ठेवला. सुंदराकडे त्याने वळूनसुद्धा पाहिले नाही. नारळ पाण्यात पडला. भरती पुरी होऊन सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. तिच्याबरोबर होडी बाहेर पडली.

दुपार कलायच्या आत नैर्ऋत्येकडून आभाळ काळेठिक्कर झाले. वारा असा सुटला की महाराजांच्या खोपीचे छप्पर उडून खाडीत पडले. सुंदरा त्या उघड्या खोपीत शिरली ती संतापाने थरथरतच. नमस्कार नाही, काही नाही!

"एक वाक्य बोललात आणि गप्प बसलात! त्या माजोरड्याला हात धरून का नाही ओढलंत? बारा वर्षं तुमचं नाम घेतेय मी. माझा नवरा तिकडे मरतोय आणि तुम्ही इथे डोळे मिटून बसलाय. कशाला म्हणायचं तुम्हाला महाराज?"

जवळच्या भक्तांनी कानांवर हात ठेवले. एकजण तिला गप्प करायला उठला, तर महाराजांनी त्यालाच दटावले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बरोबर बोललीस, पोरी. माझं चुकलं. चल."

हात धरून त्यांनी तिला खाडीच्या मुखावर नेले. सगळे गाव तिथे जमले होते. होडी दिसत होती, शिडाच्या चिंध्या झालेल्या. माणसे जिवाच्या आकांताने वल्ही मारीत होती, पण मुखावर वाळूचा दांडा आहे. खाडीतून सुकतीचे पाणी जोराने बाहेर धावत होते आणि बाहेरची लाट त्यावर आदळून ताडाएवढी फुटत होती. त्यात होडी घालायची म्हणजे चिंधड्याच. भरती लागली तरच वाट मिळणार, आणि भरतीला अजून दोन तास होते. तेवढा वेळ ती होडी कुठली तग धरते! बायकांनी ऊर बडवायला सुरुवात केली.

महाराज सुंदराला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले. "मला बोललीस ना? आता याला बोल. काही राखून ठेवू नकोस."

सुंदरा दर्याकडे वळली. "अरे, लाज नाही वाटत तुला? माझा बाप गिळलास, तेव्हा मी तुला शिवी नाही दिली. दरसाल तुला कुंकू वाहिलं! चूक एकाची आणि जीव सगळ्यांचा घेतोस? परत फिर! माझी माणसं टाक इथे आणि मागे हो मेल्या, मागे हो!"

महाराजांनी तिचा हात घट्ट धरला होता. त्यांच्या मुखी नाम चालू होते. आणि काय सांगावे! सुंदराच्या कमरेशी बाहेर ओढणारे पाणी थबकले. काठावरच्या म्हाताऱ्यांनी डोळे चोळले. भर सुकतीत पाणी उलटे फिरले, भरती लागली! दांड्यावरची लाट बसली, आणि सहा माणसांसह होडी खाडीत आली.

भिवाजी उडी टाकून महाराजांच्या पायांशी आला. महाराज झटकन बाजूला झाले. "माझ्या नको. पाणी हिच्या रागाने फिरलं."

भिवाजी सुंदराच्या पायांवर कोसळला. तिने पाय मागे घेतले.

"आत्ता नको. पाच घरच्या बायका इथे ऊर बडवत होत्या. त्यांच्या दारात जा. 'माझ्या तोऱ्यापायी तुमची माणसं मरत होती,' असं तोंडाने सांगा. मग वाका."

गावचा तांडेल तो, पण ओल्या कपड्यांनीच निघाला. प्रत्येक दारात ते वाक्य उच्चारून त्याने उंबऱ्यावर डोके टेकले. एका म्हातारीने त्याच्या तोंडावर दार लावले, तर तो बंद दारापुढेही वाकला.

शेवटचे घर सुंदराचे. महाराज ओटीवर बसले होते. बुधाजी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. भिवाजीने ते वाक्य पाचव्यांदा म्हटले आणि डोके टेकले ते वर करीचना. हुंदक्यांनी त्याची पाठ हलत होती.

सुंदराचा राग काही उतरला नव्हता. तिने पेजेचा वाडगा त्याच्यासमोर दाणकन ठेवला.

"उठा. सकाळपासून उपाशी आहात."