तिकडचं कोर्ट, इकडचं कोर्ट

"पण बाई, मग अर्ज करायचा कुठे? तिकडे की इकडे?"

आफळेबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा ऋत्विज देशिंगकर. बाईंचा लाडका विद्यार्थी. इथल्या लॉ कॉलेजात सुवर्णपदक मिळवलं, मग परदेशी गेला आणि एकाच संसारावर दोन देशांचे कायदे हक्क सांगायला लागले तर काय करायचं, याचाच अभ्यास करून आला. विषय अवघड खराच. पण तो अवघड आहे, हे ऋत्विज समोरच्याला घटकाभरही विसरू द्यायचा नाही. मीही बाईंच्याच हाताखाली शिकलो, पण मी आपला सातबारा आणि बांधाच्या भांडणांतला वकील. आमचं फारसं जमायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता.

बाहेर व्हरांड्यात त्याची अशील बसली होती, रेवती पोळ. मांडीवर सहा वर्षांची जुई झोपलेली. रेवतीचं लग्न कराडात झालं, संसार युरोपात. नवरा हात उगारायला लागला तेव्हा ती मुलीला घेऊन माहेरी आली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. तिकडच्या कोर्टात दाद मागून झाली होती. ते म्हणालं, मुलगी आता भारतात राहते, तिथल्या कोर्टात जा.

आणि नवरा परवा इथे उतरणार होता. मुलीचं परतीचं तिकीट काढूनच. हातात कोर्टाचा हुकूम नसला तर तो पोरीला उचलून नेईल, या धास्तीनं रेवतीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ऋत्विजचं घोडं भलत्याच ठिकाणी अडलं होतं. इथल्या कोर्टात जावं, तर ते म्हणणार, मुलगी जन्मली तिकडे, वाढली तिकडे, नागरिकही तिकडचीच, तेव्हा तिकडे जा. असं म्हणणारे निकाल त्याला तोंडपाठ होते. याच्या उलटे निकालही तोंडपाठ होते. तीच तर पंचाईत होती.

"सासरचे म्हणतात माहेरी जा, माहेरचे म्हणतात सासरी जा," बाई म्हणाल्या. "याला तुमच्यात काहीतरी फ्रेंच नाव आहे ना?"

"रेन्व्हा, बाई."

तेवढ्यानं त्याला जरा हुरूप आला. एक कायदा दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा परत पहिल्याकडे, मग त्यावर कुठल्या पंडिताचं काय मत, असं तो बराच वेळ सांगत राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एक कोय काढून बाजूला टाकली.

"तिला विचारलंस? अर्ज कुठे करायचा ते?"

"तिला? तिला त्यातलं काय कळणार?"

"विचार."

तो गेला, आला. ती म्हणते, साहेब, तुम्ही सांगाल तिथे.

"मग सांग की."

"बाई, तेच तर तुम्हाला विचारतोय..."

"आणि मी म्हणते, तिला विचार."

तो परत गेला. या वेळी लालबुंद होऊन आला. पुण्यात कुणी मोठे वकील तुमच्या ओळखीचे आहेत का, असं रेवतीनं त्याला विचारलं होतं.

"मग पुण्याला पाठव तिला," बाई म्हणाल्या.

त्याचा तोल गेला. कोर्ट संध्याकाळी बंद होतंय, उद्यापासून उन्हाळ्याची सुट्टी, आणि तुम्ही मला असं आतबाहेर का नाचवताय, असं तो बाईंना म्हणाला. आवाज चढवून म्हणाला. मला, खोटं कशाला बोलू, मनातून गंमत वाटत होती. सुवर्णपदक हेलपाटे घालतंय.

बाईंनी पुढची कैरी उचलली.

मग म्हणाल्या, "आणखी एकदा जा."

तो पाय आपटत गेला, आणि लगेच त्याची हाक आली. व्हरांडा रिकामा होता.

आम्ही दोघं चपला न घालताच धावलो. माझी गंमत कुठल्या कुठे पळाली. कोपऱ्यावर रेवती जुईला खांद्यावर घेऊन रिक्षात बसत होती. शांतपणे म्हणाली, चिकोडीला मावशी आहे, तिच्याकडे जाऊन राहते. कुणाला पत्ता देणार नाही.

ऋत्विज पांढराफटक पडला. पोरीला लपवलं म्हणजे काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नवरा पुढे तेवढंच घेऊन कोर्टात उभा राहील, आईनं मुलगी पळवली म्हणून. मग तिची बाजू ऐकायलाही कुणी थांबणार नाही.

"तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसालाही ठरवता येईना," रेवती म्हणाली. "मग मी तिथे कुणाची वाट बघत बसू?"

ऋत्विज रिक्षाचा दांडा धरून नुसता उभा राहिला. जुई जागी झाली होती आणि त्याच्याकडे टकामका बघत होती. रिक्षावाल्यानं विचारलं, जायचं की नाही?

"ताई, उतरा," ऋत्विज म्हणाला. "इथल्याच कोर्टात अर्ज करू. आत्ता."

बाईंच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं अर्ज लिहिला. पंडित नाहीत, फ्रेंच नाही. मुलगी वर्षभर इथे आईजवळ राहतेय, शाळेत जातेय, आणि कोर्टाचा निर्णय होईपर्यंत तिला देशाबाहेर नेऊ नये. बस. मी शेजारी बसून चुका काढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं त्या ऐकल्या. रेवतीनं सही केली. त्यानं कागद घेतले.

निघालो. उंबऱ्यापाशी तो पुन्हा थबकला. कपाळाला घाम. रेवती पुढे जाऊन फाटक उघडत होती, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यानं विचारलं,

"बाई... पण समजा ते म्हणाले, हे आमच्याकडे नाही, तिकडे जा... तर?"

बाईंनी पदराला हात पुसले.

"अरे, नाही म्हणायला सरकारनं पगार देऊन माणूस बसवलाय तिथे. तू फुकट कशाला म्हणतोयस?"