चार चहा, कुणाच्या खात्यावर?

विट्याच्या मुरलीधरशेठांचं किराणा दुकान पुढे आणि घर मागे, मधे फक्त एक पडदा. व्यापारी संघाच्या हिशेबाच्या शिबिराला जाऊन आल्यापासून शेठ भलतेच शिस्तीचे झाले होते. त्या सकाळी बायकोने, शालिनीबाईंनी, नेहमीसारखा टोपलीतला नारळ उचलला, तसे शेठ भर गिऱ्हाइकांत कडाडले, "आधी पैसे ठेव! दुकान वेगळं, घर वेगळं. असंच तर धंद्याला भोक पडतं!"

शालिनीबाईंनी नारळ गुपचूप परत ठेवला. कुणीतरी फिसकन हसलं.

दुपारी संघाचे तीन पदाधिकारी आले. शेठनी आपली नवी शिस्त त्यांना रंगवून सांगितली आणि पडद्याकडे वळून हाक दिली, "अगं, चार चहा!"

"कुणाच्या खात्यावर?" आतून शांत आवाज आला. "पाहुणे घरचे असतील तर घरात बसवा. दुकानाचे असतील तर गल्ल्यातून पैसे पाठवा. दूध-साखर घरची आहे."

पाहुणे छताकडे बघू लागले. शेठचे कान तापले. सकाळचा नारळ अजून समोरच टोपलीत होता; त्याच्याकडे बघवेना. त्यांनी मुकाट्याने चाळीस रुपये आत दिले.

चहा आला, पण तीनच कप. ट्रेमध्ये दहाची नोट होती.

"हे परत घ्या," शालिनीबाई म्हणाल्या. "तुमचा चहा आत ठेवलाय. घरच्या माणसाकडून मी पैसे घेत नाही."